आई-बाबांना घेऊन जपान: पहिल्या चार दिवसांत बिथरायला होऊ नये म्हणून काय करावं?

टिळकपूल
एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन जपानला जायचं पक्कं झालंय. तोक्यो, क्योतो, ओसाका. टूर कंपनी नाही, सहल आपली आपणच आखलेली. व्हिसा, विमान, हॉटेल झालं, त्याबद्दल विचारत नाहीये. आई ६४ वर्षांची, शाकाहारी, अंडंही नाही. बाबा ६८, बँकेतून निवृत्त, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू. दोघंही पहिल्यांदाच देशाबाहेर. बाबा फोनवर बोलले की शेजारच्या बिल्डिंगला बातमी कळते. तिथलं वागणं, खाणं, शांतता सगळंच इतकं वेगळं आहे म्हणतात, तर त्याचा धक्का कमी कसा करायचा? प्रेक्षणीय स्थळांची यादी कृपया नको.

नकाशेबाज
चांगला धागा. ज्याला आपण संस्कृतीचा धक्का म्हणतो, त्यातला निम्मा पहिल्या चार दिवसांत झोप, भूक आणि पाय यांचा असतो. आधी ते बघा.

झोप: जपान आपल्यापुढे साडेतीन तास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पूर्वेकडे जाताना शरीराला लवकर झोपायला लावावं लागतं आणि तेच अवघड. तिथे रात्री ११ वाजता शरीराचे साडेसात वाजलेले असतात, झोप येणार कुठून? आणि सकाळी ७ ला उठवलंत तर शरीराचे साडेतीन. निघण्याआधी पाच-सहा दिवस रोज अर्धा तास लवकर झोपणं आणि लवकर उठणं सुरू करा. तिथे पोचल्यावर सकाळचं ऊन अंगावर घ्यायचं, दुपारी झोप आवरलीच नाही तर वीस मिनिटं, त्यावर गजर.

भूक: बरीच छोटी खानावळ-हॉटेलं दुपारी दोन-अडीचला बंद होतात ती संध्याकाळी पाच-साडेपाचला उघडतात. शेवटची ऑर्डर बंद व्हायच्या अर्धा तास आधी. आपण मुंबईकर दुपारी तीनला 'काहीतरी खाऊ' म्हणून निघतो आणि नेमके तेव्हाच पडदे लागलेले असतात. शुगरच्या माणसाला हे चालणारं नाही. बाबांच्या खिशात कायम दोन खाकरे आणि चार खजूर.

पाय: दिवसाला १२ ते १५ हजार पावलं सहज होतात, कारण मोठ्या स्टेशनात एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर जाणं म्हणजे दादरचा पूल तीनदा ओलांडणं. शिवाजी पार्कला महिनाभर आधी फेऱ्या सुरू करा, आणि ज्या बुटांनी जाणार त्याच बुटांनी. विमानतळावरून नवा बूट घालून निघणारे तिसऱ्या दिवशी फोड घेऊन बसतात आणि मग 'हा देशच नको' म्हणतात.

तिसरी_घंटा
वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. कल्चर शॉक ही कल्पना रुळवली कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने. १९५४ मध्ये रिओ दी जानेरोत भाषण दिलं, १९६० मध्ये लेख छापून आला. तो बोलत होता परदेशात राहायला, काम करायला गेलेल्यांबद्दल. आधी हरखून जाणं, मग चिडचिड, मग हळूहळू रुळणं, हा क्रम महिन्यांचा आहे. दोन आठवड्यांच्या सहलीला तो जसाच्या तसा लावू नये.

पण ओबर्गने दिलेली लक्षणं मात्र उपयोगी आहेत. पाण्याची, अन्नाची, अंथरुणाची वाजवीपेक्षा जास्त काळजी, सारखे हात धुणं, आपल्याला कोणी लुबाडतंय अशी शंका, छोट्याशा उशिरावरून संताप, आणि आपल्याच देशाच्या माणसांत जाऊन बसावंसं वाटणं. आई तिसऱ्या दिवशी 'ही चादर धुतलेली वाटत नाही' म्हणाल्या, तर चादर बदलून मागू नका. त्या दिवशीचा पुढचा कार्यक्रम रद्द करा.

मीठभाकर
तिसरी_घंटा, शेवटचं वाक्य भारी आहे. +१

कोरडाखाऊ
खाण्यावर सविस्तर लिहितो, कारण शाकाहारी माणसाचा खरा कस तिथे लागतो.

मुख्य अडचण मांस नाही, दाशी आहे. दाशी म्हणजे पाणीदार अर्क, बहुतेक वेळा कात्सुओबुशीचा, म्हणजे धुरावून कडक वाळवलेल्या माशाच्या किसाचा. मिसो सूप, सोबा-उदोन या शेवयांचं पाणी, तेंपुराबरोबरची चटणीवजा वाटी, उकडलेल्या भाज्या, सगळ्यात तो असतो. ताटात मासा दिसत नाही, म्हणून वाढणारा प्रामाणिकपणे 'शाकाहारी आहे' सांगतो. तो खोटं बोलत नाही. अर्क हा मासा, असं त्याच्या हिशेबात बसत नाही इतकंच. त्यामुळे 'व्हेजिटेरियन' एवढंच म्हणून भागत नाही, पदार्थ मोजून सांगायचे: 'निकु मो, साकाना मो, तामागो मो, दाशी मो ताबेमासेन.' मांस, मासा, अंडं, दाशी यांतलं काहीच खात नाही. हेच वाक्य जपानी लिपीत मोठ्या अक्षरांत छापून तिघांच्या पाकिटात एकेक कार्ड ठेवा. गर्दीच्या वेळी कार्ड पुढे केलं की काम होतं. समोरच्याने दोन्ही हातांची फुली केली तर अर्थ 'जमणार नाही'. तिथे हुज्जत घालायची नाही, नमस्कार करून पुढे.

तोक्यो स्टेशनच्या आत टीज तानतान नावाचं पूर्ण वनस्पतीजन्य रामेनचं, म्हणजे सूपमधल्या शेवयांचं, दुकान आहे. तिकीटगेटच्या आत आहे, त्यामुळे प्रवासाच्या दिवशीच गाठा. कोकोइची या करीच्या साखळीत बऱ्याच शाखांत मांस नसलेली व्हेजिटेरियन करी मिळते. तोक्योत एदोगावा वॉर्डातलं निशि-कासाई हे भारतीय वस्तीचं ठिकाण, वरण-भात-पोळीची आठवण अनावर झाली तर तिकडे. त्यासाठी एक संध्याकाळ आधीच राखून ठेवा, चौथ्या-पाचव्या दिवसाची. पहिल्याच रात्री नको. पहिल्या रात्री गेलात तर मग रोज तिकडेच जायचा हट्ट होतो.

कन्वीनियन्स स्टोअरमध्ये इनारी घ्या, तळलेल्या तोफूच्या खिशात भरलेला आंबटगोड भात. उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा ओनिगिरी (भाताचा वळलेला गोळा), केळी, दूध, उकडलेले एदामामे (कोवळं सोयाबीन).

मीठभाकर
कोरडाखाऊ, इनारी काढा यादीतून. तो तोफूचा खिसा मुरवतात त्या पाण्यात सहसा कात्सुओचीच दाशी असते. उमेबोशीच्या ओनिगिरीतही काही कंपन्या भाताला माशाचा अर्क लावतात. नुसता मिठाचा ओनिगिरी त्यातल्या त्यात बरा, पण पाकिटामागची यादी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचायचीच.

आणि एक फसगत: पाकिटावर ॲलर्जीचा चौकोन असतो, त्यात अंडं, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी वगैरे असतं. तिथे मासा दिसला नाही म्हणून लोक खूश होतात. कात्सुओ त्या चौकोनात येतच नाही, तो खालच्या घटकांच्या बारीक यादीत शोधावा लागतो. दह्यात जिलेटिन निघू शकतं, पावात अंडं.

क्योतोत तोफूची उकड, म्हणजे युदोफू, घ्याल तर भांड्यातलं पाणी सहसा कोंबू शेवाळाचं असतं, ते चालेल. बरोबरच्या वाटीत मात्र मासा. ती वाटी बाजूला ठेवून साधा सोया सॉस मागा.

कोरडाखाऊ
इनारीबाबत बरोबर, धन्यवाद. कट्टर असाल तर सोडाच.

घरून न्यायचं: मेतकूट, कोरडी शेंगदाण्याची चटणी, खाकरे, भडंग, गरम पाणी ओतून होणारे उपमा-पोह्यांचे डबे. तिथे पाकिटबंद शिजवलेला साधा भात मिळतो, दुकानात मायक्रोवेव्ह करून घेता येतो. गरम भात आणि मेतकूट, आईंचं एक जेवण निभावलं. ताजी फळं, ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं नेऊ नका, वनस्पती-तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर काढून घेतात. मांसाचा कुठलाही पदार्थ बंद, चिकनचं लोणचंसुद्धा.

इथली इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. तिथे वीज १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. आपली १००० वॅटची किटली तिथे जेमतेम १९० वॅटने चालते, पाणी कोमट होईपर्यंत माणूस पेंगतो. हॉटेलच्या खोलीत बहुतेक ठिकाणी किटली असतेच. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर '१००-२४०' छापलेलं असेल तर फक्त दोन चपट्या पिनांचा ॲडॉप्टर पुरतो.

घाटकोपरवाला
एवढा खटाटोप करण्यापेक्षा महाराज बरोबर नेणाऱ्या टूरने जावं. रोज वरण-भात, मराठी गाईड, डोक्याला ताप नाही.

नकाशेबाज
तोही मार्ग आहे आणि वाईट नाही. ज्यांना जेवणाची तडजोड अजिबातच जमणार नाही त्यांनी तोच घ्यावा. धागालेखिकेचा प्रश्न मात्र वेगळा आहे.

सहाची_फास्ट
ट्रेनचं मी सांगतो. गर्दीचं मुंबईकरांना काही शिकवायला नको, सकाळी साडेसात ते साडेनऊ तोक्यो म्हणजे आपलंच. वेगळी आहे ती शांतता. भरलेल्या डब्यात कोणी बोलत नाही, फोनवर तर नाहीच. रिंगर बंद, कॉल आला तर कापायचा आणि फलाटावर उतरून करायचा. शिनकानसेनमध्ये, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनमध्ये, दोन डब्यांच्या मधल्या जागेत जाऊन बोलता येतं. बाबांना हे 'हळू बोला' असं सांगून साधणार नाही, कारण त्यांच्या मते ते हळूच बोलत असतात. त्यापेक्षा नातेवाइकांना आधीच वेळ देऊन ठेवा: तिथले संध्याकाळचे साडेसात, म्हणजे इथले चार, हॉटेलच्या खोलीतून. स्पीकर लावून काय बोलायचं ते तेव्हा. भिंती पातळ असतात हेही आहेच.

प्रत्येकाचं आयसी कार्ड (पैसे भरून ठेवायचं, गेटवर टॅप करायचं कार्ड) वेगळं. एका कार्डावर तिघं जाता येत नाही. पर्यटकांसाठीचं वेलकम सुइका २८ दिवस चालतं, डिपॉझिट नाही, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून थोडे-थोडे भरा. हे कार्ड तोक्यो, क्योतो, ओसाका तिन्हीकडे चालतं. तोक्योत टॅप करून क्योतोत बाहेर पडणं मात्र चालत नाही, शिनकानसेनचं तिकीट वेगळं. आयफोनवर सुइका घालता येतं. भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइडवर नाही, त्यात ती चिप चालू नसते.

गेट फटकन बंद झालं की घाबरायला होतं, मागे रांग, लाल दिवा. कारणं सहसा दोनच: शिल्लक कमी, किंवा आत येताना टॅप नीट झालं नव्हतं. पहिल्यासाठी गेटजवळच भाडं भरून काढायचं यंत्र असतं. दुसऱ्यासाठी कडेच्या खिडकीतल्या कर्मचाऱ्याकडे कार्ड द्यायचं, तो अर्ध्या मिनिटात सरळ करतो. दंड नाही, ओरडा नाही. इथल्या टीसीची सवय असलेल्यांना हे दोनदा सांगून ठेवा.

सरकत्या जिन्यावर तोक्योत डावीकडे उभं राहायचं, ओसाकात उजवीकडे. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास, एकची लोकल डोक्यात ठेवू नका.

गोळीबंद
औषधांचं कोणीच लिहिलं नाही अजून. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधं एका महिन्यापर्यंतची बरोबर नेता येतात, त्यापेक्षा जास्त असतील तर आधी परवानगीचा कागद काढावा लागतो. मूळ पाकिटांत, गोळ्यांच्या डब्यात सुट्या करून नको. बरोबर इंग्रजीतली चिठ्ठी, त्यात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव.

खरा घोटाळा सर्दी-खोकल्याच्या औषधांत होतो. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं तिथे बंद आहेत, आणि कोडीन १ टक्क्याहून जास्त असेल तर ते अमली पदार्थांच्या नियमात जातं. घरातला 'असू दे एक' म्हणून टाकलेला खोकल्याचा सिरप आणि सर्दीची गोळी, दोन्ही निघण्याआधी उलटून वाचा. शंका वाटली तर घरीच ठेवा.

शुगर: गोळी जेवणाशी बांधलेली असते, घड्याळाशी नाही. इन्सुलिन असेल तर साडेतीन तासांच्या फरकाचं वेळापत्रक डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. रोज दहा किलोमीटर चालणं झालं की साखर नेहमीपेक्षा खाली जाते. ग्लुकोमीटर आणि सेल हातातल्या बॅगेत.

तातडीला रुग्णवाहिका ११९, पोलीस ११०. पासपोर्ट कायम अंगावर, तिथे पर्यटकाला तो बाळगणं कायद्यानेच बंधनकारक आहे. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरायचं नाही.

टिळकपूल
सगळ्यांचे आभार, प्रिंट काढतेय. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. आईला संडास-बाथरूमची धास्ती आहे. आणि बाबा: त्यांना कोणी काही शिकवलेलं आवडत नाही. आयुष्यभर सगळी कामं त्यांनीच केली. तिथे प्रत्येक गोष्ट मी सांगणार, तर दुसऱ्या दिवशी तोंड फुगणार.

अर्धाकप
बाथरूम हा तर जपानचा आपल्या बाजूने असलेला मुद्दा. पाण्याची फवारणी असलेलं कमोड हॉटेलांत आणि बऱ्याच स्टेशनांतही असतं. फळीवरची बटणं बघून गोंधळ होतो, तर एकच शिकवा: चौकोनाची खूण म्हणजे थांबा. बाकी काहीही दाबलं गेलं तरी ते थांबवतं. आधी नीट बसायचं, मग बटण. उभ्याने दाबून बघितलं तर समोरची भिंत भिजते. कागद कमोडमध्येच टाकायचा, तो विरघळतो. जुन्या स्टेशनांत भारतीय पद्धतीचा खाली बसायचाही मिळतो, फक्त तोंड पुढच्या घुमटीकडे करून बसायचं. हात पुसायला बऱ्याचदा काही नसतं, रुमाल हवाच.

चपला बाहेर काढणं आपल्याला नवीन नाही, पण पुढचे दोन टप्पे नवीन आहेत. घरातल्या स्लिपरही तातामी चटईवर चालत नाहीत, तिथे फक्त मोजे. आणि संडासासाठी वेगळ्या स्लिपर दाराशीच असतात. त्याच घालून बाहेर आलात तर सगळे बघतात. मोज्यांना भोक नको.

ओनसेनचं, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्नानाचं, आईंना आधीच सांगा: सगळ्यांसमोर, विनाकपड्यांचं, आधी बसून साबणाने अंग धुऊन मगच पाण्यात. स्विमसूट चालत नाही. नको असेल तर कुटुंबापुरतं राखून ठेवता येणारं स्नानगृह बऱ्याच जागी तासावर मिळतं. पाणी ४० ते ४२ अंश असतं. बीपीच्या माणसाने आधी डॉक्टरांना विचारावं, पाच मिनिटांत बाहेर यावं आणि एकटं उतरू नये.

नकाशेबाज
बाबांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. निवृत्त माणसाला परका देश झोंबत नाही, मुलांसमोर अडाणी ठरणं झोंबतं. चाळीस वर्षं लोकांना फॉर्म भरायला शिकवलेला माणूस तिकिटाच्या यंत्रासमोर उभा राहतो आणि मागून मुलगी म्हणते 'बाबा, थांबा, मी करते'. पुढचे दोन तास वाया.

तर त्यांना खातं द्या. नाणी आणि रोकड बाबांची. तिथे १, ५, १०, ५०, १००, ५०० येनची नाणी आहेत, दिवसभरात मूठभर जमतात आणि ती संपवणं हे खरोखरच कौशल्याचं काम आहे, बँकवाल्याला आवडेल असं. पैसे हातात न देता काउंटरवरच्या ट्रेमध्ये ठेवायचे. टिप नाही, ठेवलीत तर मागे धावत येऊन परत देतात. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, काही जुनी यंत्रं त्या घेत नाहीत, म्हणून हजाराच्या जुन्या नोटा आणि नाणी वेगळी ठेवायची. एवढी माहिती त्यांना निघण्याआधी, घरी द्या. तिथे जाऊन नाही. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमला आपली कार्डं चालतात, फक्त बँकेकडून परदेशी वापर आधी सुरू करून घ्या.

दुसरं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एकट्याला हॉटेलखालच्या दुकानात पाठवा, केळी आणि दूध आणायला. खिशात हॉटेलचं कार्ड, फोनमध्ये पत्ता जपानीत. रोज तेच दुकान, तीच वाट. एवढी एक गोष्ट विनामदत जमली की माणूस सैलावतो. चुकले तर कोबान नावाची पोलीस चौकी असते, वाट सांगणं हे तिचं रोजचं काम आहे.

सहाची_फास्ट
अवांतर: कचऱ्याची पिशवी विसरू नका. रस्त्यात डबेच नसतात. मार्च १९९५ मध्ये तोक्यो मेट्रोत सारीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बरेच डबे काढून टाकले. दुकानात घेतलेलं तिथल्याच डब्यात, बाकीचं पिशवीत घालून हॉटेलवर. केळ्याचं साल हातात घेऊन अर्धा तास फिरणं हे आपल्या लोकांच्या चिडचिडीचं मोठं कारण असतं, हसू नका.

तिसरी_घंटा
भूकंपाचं एक. छोटे हादरे तिथे नेहमीचे. सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले तर पळत सुटायचं नाही, काचेपासून दूर, टेबलाखाली, लिफ्ट वापरायची नाही. आजूबाजूचे शांत असतील तर तुम्हीही बसा. आईंना हे आधी सांगून ठेवलं तर बरं, नाहीतर रात्रभर झोप नाही.

टिळकपूल
बाबांना नाण्यांचं खातं सांगितलं. त्यांनी वही काढली आहे. शेवटचा प्रश्न: तीन मोठ्या बॅगा आहेत, तोक्योहून क्योतोला शिनकानसेनमध्ये चढवायच्या कशा?

सहाची_फास्ट
चढवूच नका. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेली की त्या गाडीत सामानाच्या जागेसह सीट आधी राखून ठेवावी लागते, नाहीतर १००० येन जास्तीचे. २८ इंची बॅग चाकांसकट बहुधा त्या रेषेवरच असते, टेपने मोजा. सोपा मार्ग ताक्क्यूबिन, म्हणजे सामान पोचवणारी कुरियर सेवा: आदल्या दिवशी सकाळी हॉटेलच्या काउंटरवर बॅगा द्या, क्योतोच्या हॉटेलचा पत्ता आणि चेक-इनची तारीख लिहा, साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात. एका बॅगेला आकारानुसार ढोबळ दोन ते तीन हजार येन. गोळ्या, ग्लुकोमीटर, एक दिवसाचे कपडे आणि मेतकूट पाठीवरच्या सॅकमध्ये. बाबांनी बॅगेची पावती वहीत चिकटवली तर उत्तम.